निर्धाव : बापू नाडकर्णी यांच्या कामगिरीविषयीं



नाशिकांत जन्मलेल्या एखाद्या क्रिकेटपटूचें नांव घ्या म्हटलें, कीं बहुतेक लोक बापू नाडकर्णी यांचें नांव घेतात. त्यांच्याविषयीं कांहीं सांगा म्हटलें, कीं उत्तर येतें, ‘ओळीनें २१ षटकें निर्धाव टाकणारे ते.’ एवढें झालें म्हणजे बोलणें संपतें. ४१ कसोटी सामने खेळलेल्या, पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमध्यें ५०० बळी मिळविलेल्या आणि जवळजवळ नऊ हजार धांवा काढलेल्या माणसाचें सारें आयुष्य एका दिवसाच्या नवलांत गुंडाळून ठेवावें, हें मला न्यायाचें वाटत नाहीं. म्हणून त्या नवलाच्या अलीकडे व पलीकडे काय होतें, तें आज सांगावयाचें योजिलें आहे.

खेळाच्या जगांत एक वर्ग असा असतो, कीं ज्याच्या वांट्यास जयघोष फारसा येत नाहीं. इंग्लंडांत फुटबॉलच्या खालच्या श्रेणींतले कित्येक खेळाडू आज या गांवच्या संघांत तर उद्यां त्या गांवच्या संघांत, मैदानाच्या कडेकडेनें धांवून मधल्या गड्याला चेंडू पुरवीत उमेद घालवितात. गोल दुसऱ्याच्या नांवावर मांडला जातो. नाडकर्णी कसोटी खेळाडू होते, तेव्हां त्यांची गणना त्या श्रेणींत करतां येणार नाहीं. पण कामाची जात तीच. संघाला जें लागेल तें करावयाचें, आणि ज्याचें नांव व्हावयाचें त्याचें होऊं द्यावयाचें.

त्यांचें पूर्ण नांव रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी. जन्म ४ एप्रिल १९३३ रोजीं नाशिक येथें झाला. १९५०-५१ सालीं ते पुणें विद्यापीठाच्या संघांतून आंतरविद्यापीठीय सामने खेळले आणि पुढच्याच वर्षीं महाराष्ट्राच्या संघांत आले. फलंदाजी डाव्या हाताची, गोलंदाजीहि डाव्या हाताची व मंदगतीची. १९५३-५४ सालीं ब्रेबोर्न स्टेडियमवर मुंबईविरुद्ध त्यांनीं पहिलें शतक काढलें, तेव्हां शेवटचा जोडीदार म्हणून सदाशिव पाटील आले होते. दोघांनीं मिळून अखेरच्या गड्यासाठीं १०३ धांवांची भर घातली व नाडकर्णी १०३ धांवांवर नाबाद राहिले. दुसरी बाजू ढांसळली असतां आपली बाजू सोडावयाची नाहीं, ही रीत त्या वयापासूनचीच दिसते.

कसोटी संघांत त्यांचा प्रवेश झाला तो दुसऱ्याच्या रिकाम्या जागेवर. डिसेंबर १९५५ मध्यें न्यूझीलंडविरुद्धच्या दिल्लीच्या सामन्यास विनू मंकड यांनीं विश्रांति घेतली आणि नाडकर्णी यांस बोलावणें आलें. खेळपट्टी अशी कीं तिच्यावर गोलंदाजानें कपाळास हात लावावा. न्यूझीलंडनें केवळ दोन गडी गमावून ४५० धांवा केल्या. नाडकर्णी यांनीं ५७ षटकें टाकलीं, बळी एकहि मिळाला नाहीं. फलंदाजींत मात्र ६८ धांवा काढून ते नाबाद राहिले. पुढच्या सामन्यास मंकड परत आले आणि नाडकर्णी बाहेर बसले. यांत निवड करणाऱ्यांचा दोष काढण्याचें कारण नाहीं. मंकड हे मंकडच होते. परंतु बदली गडी म्हणून ५७ षटकें राबून आणि नाबाद राहून ज्याला पुढच्या सामन्यांत जागा मिळत नाहीं, त्याची हिंमत खचण्यास तेवढें पुरेसें असतें. ती खचली नाहीं.

आतां त्यांच्या गोलंदाजींत होतें काय, तें पाहूं. डाव्या हातानें टाकलेला मंदगति चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजाच्या पायांकडून बाहेरच्या यष्टीकडे वळतो. बहुतेक फिरकी गोलंदाज तो उंच सोडतात, फलंदाजाला मोह घालतात, आणि चार चौकार बसले तरी एक झेल मिळेल या हिशेबानें खेळतात. नाडकर्णी यांचा हिशेब निराळा होता. त्यांचा चेंडू फार उंच जात नसे, फार वळतहि नसे. तो पडे अशा जागीं, कीं पुढें येऊन खेळावें तर चेंडू पुरता बॅटीखालीं येत नाहीं आणि मागें सरावें तर फटका उगारण्यास उसंत मिळत नाहीं. ती जागा एखाद्या ताटाएवढी. आणि सरावाच्या वेळीं ते तेथें एक नाणें ठेवून त्यावर चेंडू टाकीत असत, असें सांगतात. आमच्या नाशिकच्या तांबट आळींत ज्यांनीं मठारकाम पाहिलें असेल, त्यांना हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. हातोडीचा एक ठोका पाहिला तर त्यांत पाहण्यासारखें कांहीं नसतें; शेंकडों ठोके एकाशेजारीं एक, सारख्याच जोरानें पडले म्हणजे मग घागरीला तेज चढतें.

असल्या गोलंदाजीचा उपयोग काय, असें कोणी विचारील. उपयोग समोरच्या बाजूनें टाकणाऱ्याला होतो. त्या काळीं भारतीय संघापाशीं, रमाकांत देसाई यांच्यासारखा एखादा सोडला, तर वेगवान गोलंदाज जवळजवळ नव्हतेच. नवा चेंडू थोडा झिजला कीं फिरकीवाल्यांचें राज्य सुरू होई आणि तें दिवसभर चाले. सुभाष गुप्ते किंवा सलीम दुराणी यांच्यासारखा गोलंदाज धांवांची पर्वा न करतां बळीच्या मागें लागे. त्याला तसें करतां यावें म्हणून दुसऱ्या टोंकाकडून धांवांचा नळ कोणीतरी बंद करून ठेवावा लागे. फलंदाज एका बाजूला कोंडला गेला म्हणजे दुसऱ्या बाजूला उतावळा होतो. बळी पडतो तो त्या दुसऱ्या बाजूला, आणि मांडलाहि जातो तिकडच्याच नांवावर. धांवफलकांत पहिल्या माणसाच्या श्रमाला रकाना नाहीं. फार तर ‘निर्धाव षटकें’ हा एक रकाना आहे, आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं.

१२ जानेवारी १९६४ रोजीं मात्र सर्वांस पाहावें लागलें. मद्रासला इंग्लंडविरुद्धच्या पहिल्या कसोटी सामन्याचा तो तिसरा दिवस. भारतानें ७ बाद ४५७ वर डाव सोडला होता. कुंदेरन यांच्या १९२ आणि विजय मांजरेकर यांच्या १०८ धांवा त्यांत होत्या. इंग्लंडचे कांहीं खेळाडू पोटाच्या विकारानें बेजार होते, आणि बोलस व बॅरिंग्टन हे दोघे टिकून राहण्याच्याच निश्चयानें खेळत होते. कर्णधार पतौडी यांनीं चेंडू नाडकर्णी यांच्या हातीं दिला. एका सलग हप्त्यांत त्यांनीं १९ षटकें टाकलीं, त्यांपैकीं १८ निर्धाव, धांव अवघी एक. डावाच्या अखेरीस त्यांच्या नांवापुढें ३२ षटकें, २७ निर्धाव, ५ धांवा व बळी शून्य, असे आंकडे लागले. मधल्या काळांत ओळीनें २१ षटकें, म्हणजे पुढचे मागचे चेंडू धरून १३१ चेंडू, कोणाला एकहि धांव काढतां आली नाहीं. वर्गांत गुणाकार शिकवितांना मीं हें उदाहरण पुष्कळदां घातलें आहे. २१ ला ६ नें गुणून १२६ येतात, मग वरचे ५ कोठून आले, हें सांगणारा मुलगा हुशार समजावयाचा.

येथें एक गोष्ट नीट लक्षांत ठेवली पाहिजे. निर्धाव षटकांच्या मोजणींत हा विक्रम नाडकर्णी यांचा; पण नुसते चेंडू मोजले तर दक्षिण आफ्रिकेचे ह्यू टेफील्ड पुढें आहेत. १९५६-५७ च्या मोसमांत डरबन येथें, इंग्लंडविरुद्धच, त्यांनीं १३७ चेंडूंवर धांव दिली नाहीं. तेथें त्या वेळीं षटक आठ चेंडूंचें असे, म्हणून षटकांची संख्या कमी भरते. आपल्या माणसाचें कौतुक करतांना दुसऱ्याचें माप खोटें करूं नये.

या गोलंदाजीवर आक्षेप घेतला जातो, आणि तो अगदींच पोकळ नाहीं. बळी न घेतां धांवा रोखल्यानें सामना जिंकतां येत नाहीं, केवळ बरोबरींत सुटतो. १९६०-६१ मध्यें पाकिस्तानविरुद्धचे पांचहि सामने अनिर्णित राहिले. त्यांत कानपूरला नाडकर्णी यांचे आंकडे ३२ षटकें, २४ निर्धाव, २३ धांवा, बळी नाहीं, आणि दिल्लीला ३४ षटकें, २४ निर्धाव, २४ धांवा व १ बळी असे होते. १९६४ सालचे इंग्लंडविरुद्धचे पांचहि सामने तसेच सुटले. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला कंटाळा आला असेल, तर त्याला मी नांवें ठेवणार नाहीं. परंतु दोन्ही मालिकांत समोरचा संघहि हरण्याच्या भीतीनेंच खेळत होता, हें विसरतां कामा नये. शिवाय ज्या संघाचा पराभव ही नेहमींची गोष्ट होती, त्या संघाला आधीं न हरण्याची संवय लावावी लागते. जिंकण्याची पायरी तिच्यानंतरची. त्यांना ‘कंजूष’ हें विशेषण विनोदानें चिकटलें, तेंहि मला पटत नाहीं. कंजूष माणूस स्वतःसाठीं सांचवितो. हे सांचवीत होते तें सर्व संघाच्या खात्यावर जमा होत होतें.

बळी त्यांना मिळत नसत, ही समजूतहि चुकीची आहे. त्याच मद्रास शहरांत, ऑक्टोबर १९६४ मध्यें, ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनीं पहिल्या डावांत ३१ धांवांत ५ आणि दुसऱ्या डावांत ९१ धांवांत ६ बळी घेतले. एका कसोटींत ११ बळी! पण भारत तो सामना १३९ धांवांनीं हरला, आणि हरलेल्या सामन्यांतले बळी कोण आठवीत बसतो? बळी नसलेला दिवस लोकांनीं जपून ठेवला आणि अकरा बळींचा सामना विसरून गेले, हा योगायोग मोठा चमत्कारिक आहे.

फलंदाजीचेंहि तसेंच. निर्धाव षटकांच्या त्या मालिकेंतच, कानपूरच्या शेवटच्या सामन्यांत, इंग्लंडनें ८ बाद ५५९ केल्या आणि भारताला २६६ वर गुंडाळून पुन्हां खेळावयास लाविलें. पहिल्या डावांत नाडकर्णी ५२ वर नाबाद होते. दुसऱ्या डावांत ते १२२ वर नाबाद राहिले आणि सामना वांचला. कसोटींतलें त्यांचें एकुलतें एक शतक तें हेंच. मद्रासच्या पांच धांवांपेक्षां कानपूरचे हे दोन नाबाद डाव मला मोठे वाटतात. कारण मद्रासला भारताच्या पाठीशीं ४५७ धांवा होत्या, कानपूरला समोर डोंगर होता.

पुढें ते महाराष्ट्र सोडून मुंबईकडे गेले. त्या काळीं खेळावर कोणाचें पोट भरत नसे. कंपनीची नोकरी, तिच्याच संघांतून खेळणें आणि रजा काढून कसोटीस जाणें, असा क्रम असे. नाडकर्णी असोसिएटेड सिमेंट कंपनीकडून खेळत. १९६०-६१ च्या रणजी स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यांत दिल्लीविरुद्ध मुंबईसाठीं त्यांनीं नाबाद २८३ धांवा काढल्या, ही त्यांची सर्वांत मोठी खेळी. मुंबईनें १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत रणजी करंडक ओळीनें १५ वर्षें जिंकला. त्या वैभवाच्या काळांत वाडेकर, सरदेसाई अशीं मोठमोठीं नांवें त्या संघांत होतीं आणि नाडकर्णी यांनीं कांहीं काळ कर्णधारपदहि सांभाळलें. एकंदर १९१ सामन्यांत ८,८८० धांवा, सरासरी चाळिसाच्या वर, आणि ५०० बळी दर बळीमागें सुमारें २१ धांवा देऊन, असा त्यांचा जमाखर्च निघतो. कसोटींत १,४१४ धांवा व ८८ बळी. आणि दर षटकामागें दिलेल्या धांवा १.६७, म्हणजे दोनांहूनहि कमी. हल्लीं हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर मुलांचा खेळ पाहतांना एका षटकांत दहा धांवा गेल्या तर कोणी हळहळत नाहीं. काळ बदलला, खेळ बदलला. त्याविरुद्ध तक्रार करण्यांत अर्थ नाहीं.

त्यांची अखेरची मालिका न्यूझीलंडांत झाली, १९६८ सालीं. भारतानें परदेशांत कसोटी सामना जिंकला तो प्रथम तेथेंच, डनेडिन गांवीं. आणि मालिकाहि ३ विरुद्ध १ अशी जिंकली. वेलिंग्टनच्या सामन्यांत नाडकर्णी यांनीं ४३ धांवांत ६ बळी घेतले. एका डावांतली ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी, पस्तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर केलेली. ऑकलंडचा सामना झाल्यावर ते कसोटी क्रिकेटमधून निवृत्त झाले. ज्या संघांत बदली गडी म्हणून ते शिरले होते, तो संघ परक्या भूमीवर पहिल्यानें विजयी होत असतां त्यांनीं निरोप घेतला.

खेळणें संपलें तरी खेळ सुटला नाहीं. निवड समितीवर त्यांनीं काम केलें, मुंबई क्रिकेट संघटनेचें काम पाहिलें, आणि १९८०-८१ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर ते सहव्यवस्थापक होते. मेलबर्नच्या सामन्यांत पायचीत दिल्याच्या रागानें कर्णधार सुनील गावसकर हे जोडीदार चेतन चौहान यांनाहि घेऊन मैदानाबाहेर निघाले. चौहान यांनीं सीमारेषा ओलांडली असती तर सामना हातचा गेला असता. व्यवस्थापक विंग कमांडर दुराणी, हे खेळाडू सलीम दुराणी नव्हेत, आणि नाडकर्णी फाटकाशीं येऊन उभे राहिले व चौहान यांना त्यांनीं परत खेळपट्टीवर पाठविलें. पुढें ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धांवांत आटोपला, दुखऱ्या पायाच्या कपिल देव यांनीं २८ धांवांत ५ बळी घेतले, आणि भारत ५९ धांवांनीं विजयी झाला. त्या विजयाच्या धांवफलकांतहि नाडकर्णी यांचें नांव कोठें नाहीं.

‘छोडो मत’ हा त्यांचा आवडता शब्द होता, असें गावसकर यांनीं नंतर सांगितलें आहे. १७ जानेवारी २०२० रोजीं मुंबईंत ते वारले, तेव्हां त्यांचें वय ८६ वर्षांचें होतें. दुसऱ्या दिवशींच्या बहुतेक वर्तमानपत्रांत मथळा एकच होता. तो कोणता, हें आपण ओळखलेंच असेल.