झाडीपट्टीच्या नाटकाचा अ‍ॅम्प्लिफायर: इनपुटला कोणता करंट सोर्स लावावा?

दिवाळीनंतर भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक पहाटेपर्यंत रंगतं. साउंड जनरेटरवर असेल, तर दिव्यांचा लोड बदलला की व्होल्टेज हलतं आणि अ‍ॅम्प्लिफायरची रेलही हलते. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर स्वतः बांधणाऱ्यांनी इनपुटच्या डिफरन्शियल जोडीकडे नीट लक्ष द्यावं.

जोडीच्या एमिटरला नुसता रेझिस्टर लावला, तर रेल १० टक्के घसरताच करंटही जवळपास तेवढाच घटतो. १०० हर्ट्झचा रिपलही आत शिरतो. कॉन्स्टंट करंट सोर्स हे थोपवतो.

२ मिलिअँपिअरसाठी तीन पर्याय:

🔴 लाल एलईडी आणि एक ट्रान्झिस्टर: एलईडीवर सुमारे १.७ व्होल्ट, एमिटरला ५६० ओहम. तापमान वाढलं की एलईडी आणि बेस-एमिटर, दोन्हींचं व्होल्टेज जवळपास सारखंच घटतं. त्यामुळे करंट टिकतो.

🔵 दोन ट्रान्झिस्टर, ३३० ओहम: रेलचे चढउतार छान झेलतो, पण करंट दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३ टक्के सरकतो.

🟢 जेफेट: भाग कमी, पण प्रत्येक नगाचा करंट वेगळा. मोजून निवडावा लागतो.

माझी पसंती लाल एलईडी! संध्याकाळची ऊब आणि पहाटेचा गारठा दोन्ही तो सांभाळतो. एलईडीला करंट देणारा रेझिस्टर दोन तुकड्यांत विभागा आणि मधल्या बिंदूपासून एलईडीच्याच रेलला ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा. रिपल आणखी दबेल. शेवटी ५६० ओहमवर सुमारे १.१ व्होल्ट मिळतो का, ते मीटरने तपासा.

#झाडीपट्टी #ऑडिओ #भंडारा