धाब्याखालचा गारवा

सातारा जिल्हा एकच, छपरं दोन तऱ्हांची. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हणून उतरतं छप्पर. माणमध्ये जेमतेम पाचशेच्या आसपास, म्हणून सपाट धाबं. सांगलीच्या आटपाडी-जतकडेही तेच.

लाकडी तुळया, त्यांवर आडवी लाकडं, मग पाल्याचा थर आणि वर चोपून बसवलेली पांढरी माती. भिंती दीड-दोन फूट जाड. मातीतून उष्णता सावकाश सरकते. दुपारचं ऊन भिंतीच्या आतल्या अंगाला पोचेतो बाहेर दिवस कललेला असतो. रात्री दारं-झरोके उघडले की साठलेली धग निघून जाते. कोरड्या मुलखात दिवसा-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत असते, म्हणून हे जमतं. मुंबईच्या दमट हवेत फारसं जमणार नाही.

कटकटही आहेच. पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती टाकली नाही, तर गळती ठरलेली.

खरा धोका वजनाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जड धाबी आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती जीवघेण्या ठरल्या. मातीच्या घरांसाठीचं आयएस १३८२७ हे भारतीय मानक त्याच वर्षीचं. छप्पर हलकं ठेवा आणि भिंतींना सलग आडवे पट्टे बांधा, असं ते सांगतं.