हिरड्याची मिठी

आवळा लोखंडी विळीवर चिरला की पाते काळे पडते, हे गृहिणींना सांगावयास नको. हिरड्याचा गुण तोच, पण अधिक कडवा. वाळका बाळहिरडा दाताखाली धरून पाहा. जीभ क्षणात खरखरीत होते. ही खरी चव नव्हेच! हिरड्यातील टॅनिने लाळेतल्या प्रथिनांना मिठी मारतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि आपण तोंड वाकडे करून म्हणतो, 'तुरट!'

या टॅनिनांतले एक प्रमुख म्हणजे चेब्युलॅजिक आम्ल. नाव विलायती वाटते खरे, पण त्यातला 'चेब्युला' हा शब्द काबूलवरून आलेला मानतात. त्याच्या एका रेणूत कार्बनचे ४१, हायड्रोजनचे ३० आणि ऑक्सिजनचे २७ अणू असतात. आणि मधोमध काय, तर ग्लुकोज, म्हणजे चक्क साखर! पण तिच्याभोवती गॅलिक, चेब्युलिक वगैरे आम्लांनी असे कडे केलेले असते की गोडीचा मागमूस उरत नाही. चेब्युलिनिक आम्ल हे याचेच भावंड. फरक अवघ्या दोन हायड्रोजन अणूंचा. आवळ्यात आणि बेहड्यातही चेब्युलॅजिक आम्ल सापडते, तेव्हा त्रिफळा चूर्णात ते तिन्ही वाटांनी येते.

जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबे उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून वाळवतात. पावसाळ्याच्या तोंडाशी हाती येणारा तो रोख पैसा. हिरड्याला गिऱ्हाईक केवळ वैद्यांचे नाही. कातडे कमावताना टॅनिन त्यातल्या प्रथिनांना जखडून टाकते, म्हणून ते कुजत नाही. आंध्रातील कलमकारीचे कारागीर कापड हिरडा व दुधात भिजवतात आणि लोखंड व गूळ मुरवलेल्या पाण्याने त्यावर रेघ ओढतात. रेघ उमटते ती काळी कुळकुळीत! विळीवरचा डागही त्याच जातीचा.

हीच मिठी पोटात पडली तर? चहातील टॅनिनांची घडण वेगळी, पण लोह धरून ठेवण्यात तीही कमी नाहीत. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी पाव आणि भाताच्या जेवणाबरोबर चहा देऊन पाहिला, तेव्हा अन्नातले लोह शरीरात पुष्कळच कमी शोषले गेले. आपल्याकडे पानावरून उठता उठता चहाचा कप लागणारी घरे थोडी नाहीत. त्यातून घरातील बाईला रक्तक्षय असला, तर लोहाची गोळीही बिचारी त्याच चहाच्या घोटाबरोबर गिळते! चहा तासाभराने घ्यावा. गोळी साध्या पाण्याबरोबर, नाही तर लिंबाच्या सरबताबरोबर. लिंबातले क जीवनसत्त्व लोह शोषण्यास मदतच करते.