विली नेल्सनची ‘कच्ची’ टेप

कंट्री म्युझिक म्हटलं की आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे रुंद टोपी, बूट आणि ट्रक उभे राहतात. आमची बाबूजी-आशाबाईंची कॅसेट बरी आणि आम्ही बरे! पण टेक्सासात राहून विली नेल्सनचा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ ऐकला नाही, तर शेजाऱ्याची ओळख अर्धीच राहिली म्हणायची.

विली नॅशव्हिलमध्ये गाजला तो गीतकार म्हणून. पॅट्सी क्लाइनचं १९६१ चं ‘क्रेझी’ त्याचंच. स्वतः गायला लागला की मात्र तालाच्या किंचित मागेपुढे रेंगाळायची त्याची खोड, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे मागे व्हायोलिनांचा ताफा नि कोरस. दोन्ही जमेना. १९७० च्या डिसेंबरात तिथलं घर जळलं, पुढे स्वारी टेक्सासला परतली. कोलंबिया कंपनीशी करार करताना, काय नि कसं गायचं हे ठरवायचा हक्क त्याने स्वतःकडे ठेवला.

१९७५ च्या जानेवारीत डॅलसजवळच्या गार्लंड गावी थोड्याच दिवसांत रेकॉर्डिंग उरकलं. स्वतःची गिटार, बहीण बॉबीचा पियानो, मिकी राफेलचा माउथऑर्गन, जेमतेम ठेका. बायकोला नि तिच्या प्रियकराला मारून घोड्यावरून भटकणाऱ्या एका पाद्र्याची सलग गोष्ट. काही तुकडे तर मिनिटभराचेच. कंपनीतल्या साहेबांना वाटलं, हा नुसता डेमो आहे, अजून काम बाकी आहे! करारापुढे इलाज नव्हता, म्हणून मे महिन्यात रेकॉर्ड तशीच बाजारात आली.

त्या साहेबांना हसणं सोपं आहे हो. आमच्या इंजिनिअरिंगच्या मीटिंगांत एखादा भाग वाढवणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. काढून टाका म्हणणाऱ्याला मात्र दहादा कारणं द्यावी लागतात.

त्यातलं ‘ब्लू आइज क्राइंग इन द रेन’ हे फ्रेड रोझचं १९४० च्या दशकातलं जुनं गाणं. ऑक्टोबरात ते कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. गायक म्हणून विलीचा हा पहिला पहिला नंबर, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी! मागोमाग ग्रॅमी मिळालं. अल्बमही कंट्रीत पहिला आला आणि पॉपच्या यादीतही चढला. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या २००९ च्या यादीत त्याला जागा मिळाली.

बैठकीतलं गाणं ऐकलेल्या कानांना विलीची ती रेंगाळण्याची खोड मुळीच खटकणार नाही. दोन ओळींच्या मधे तो थांबतो, तिथे माउथऑर्गन हळूच येऊन जातो. सगळा ऐवज अर्ध्या तासाहून थोडासाच जास्त आहे. सलग ऐका, मधे चहाला उठू नका.