मूठभर वाळू, टनभर वाळू

भोसरी-चाकण पट्ट्यातील एखाद्या फाउंड्रीत गेलात, तर कोणी जुना कारागीर वाळूची मूठ वळून ती मोडून पाहताना दिसेल. साच्याच्या वाळूत पाणी किती आहे, याचा तो अंदाज घेत असतो. या वाळूला ‘ग्रीन सँड’ म्हणतात. रंगाने ती काळपट असते. ‘ग्रीन’ म्हणजे येथे न भाजलेली, ओली. सिलिका वाळू, बेंटोनाइट माती आणि साधारण ३ ते ४ टक्के पाणी असे हे मिश्रण. पाणी कमी पडले तर साच्याच्या कडा ढासळतात. जास्त झाले तर सुमारे १४०० अंश सेल्सिअसचे लोखंड ओतताच त्याची वाफ होते आणि कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात. त्या बहुधा कातकाम करताना उघड्या पडतात, म्हणजे सगळी मेहनत झाल्यावर!

मोजण्याची मूळ पद्धत सोपी आहे. ५० ग्रॅम वाळू १०५ ते ११० अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत तापवायची. ४८.२ ग्रॅम उरली, तर ओलावा ३.६ टक्के. (कोरड्या वजनाशी भागले तर तोच ३.७ होतो, कशाने भागले ते लिहावेच.) वाळू गरम असतानाच तोलली तर वर जाणाऱ्या हवेमुळे ती हलकी भासते, उघडी ठेवून थंड केली तर हवेतले बाष्प शोषते. म्हणून ती शोषकपात्रात थंड करतात.

पण यात वेळ जातो, आणि मिक्सर थांबत नाही. तेथे विद्युत्‌धारितेवर चालणारा संवेदक लावतात. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक सुमारे ८०, सिलिकाचा ४ च्या आसपास. त्यामुळे थोडे पाणीही जाणवते. मात्र वाळू दाबून भरली किंवा गरम असली, तरी आकडा बदलतो. म्हणून त्याच वाळूवर, भट्टीतील मापाशी तो पुनःपुन्हा जुळवावा लागतो.

तरीही माझ्या मते सर्वांत मोठी चूक उपकरणात नसते, नमुन्यात असते. ढिगाचा वरचा थर वाळलेला, आतला ओला. चार ठिकाणचे नमुने घेतले तर यादृच्छिक चूक निम्मी होते. पण चारही वरूनच उचलले, तर सरासरी तेवढीच चुकीची राहते.

हे वर्गात दाखवता येईल. ओल्या वाळूची बादली दोन तास उन्हात ठेवा. वरची व तळाची वाळू वेगवेगळी तोलून, सुकवून पुन्हा तोला. काटा १ ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल, तर ५० नव्हे, ५०० ग्रॅम घ्या. १ ग्रॅमची चूक २ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यावर येईल.