स्तनदा माता आणि पित्ताची गोळी

बाळंतिणीस पित्ताचा त्रास होत असता गोळी द्यावी काय, आणि दिल्यास बाळाचे अंगावरचे दूध थांबवावे काय, असा प्रश्न प्रसूती विभागात भेटीस येणारे नातेवाईक आम्हांस वारंवार विचारतात. जळगाव-धुळ्याकडील घरांत सवा महिन्यात डिंकाचे लाडू, सुके खोबरे व तूप सढळ असते, त्यात जागरणे. छातीत जळजळ होणे नवलाचे नाही. आम्ही वैद्यकशास्त्राचे नव्हे, हिशोबाचे विद्यार्थी. तज्ज्ञ डॉक्टरांकडून जे समजून घेतले ते येथे मांडतो.

मॅग्नेशियम व अॅल्युमिनियमयुक्त पातळ औषध मातेच्या रक्तात फारसे उतरतच नाही. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल दुधात अत्यल्प उतरतात; जे उतरते तेही बाळाच्या जठरातील आम्लात बहुतांशी नष्ट होते. याच आम्लापासून बचावासाठी त्या गोळ्यांवर आवरण असते. रॅनिटिडीनची घरातील जुनी पट्टी मात्र शोधून देऊ नये. अपायकारक अशुद्धी आढळल्याने अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढून घेण्यास सांगण्यात आले, आणि २०२२ साली आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ते वगळले गेले.

खरी सावधगिरी डोमपेरिडोनबाबत हवी. हे मळमळीवरील औषध पॅन्टोप्राझोलसोबत एकाच कॅप्सूलमध्ये सर्रास मिळते. घेणाऱ्या मातेस त्यात दोन औषधे असल्याची कल्पनाही नसते. त्याने प्रोलॅक्टिन वाढते, म्हणून दूध वाढविण्यासाठीही ते परस्पर घेतले जाते. बाळाकडे जाणारा अंश अल्प असतो. धोका आहे तो मातेच्या हृदयाच्या ठोक्यांना. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २००४ मध्ये दूध वाढविण्यासाठीच्या वापराविरुद्ध इशारा दिला. युरोपात २०१४ पासून प्रौढांसाठी १० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, आणि सहसा एका आठवड्यापेक्षा अधिक नाही, अशी मर्यादा आहे. हृदयविकार असल्यास, किंवा एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल यांसारखी औषधे चालू असल्यास ते घेऊ नये.

गोळीच्या भीतीने दूध तोडणे हा आमच्या मते सर्वांत तोट्याचा व्यवहार होय. डब्याच्या दुधाचा खर्च एकवेळ सोसेल. पण खान्देशच्या उन्हाळ्यात अस्वच्छ पाण्यात कालवलेल्या दुधाने बाळास जुलाब लागले, तर रुग्णालयाची पायरी चढावी लागते. शिवाय बाळ अंगावर ओढीनासे झाले की दूधही आटते. पहिले सहा महिने मातेचे दूधच पुरेसे असते, वरचे पाणीसुद्धा लागत नाही.

बाळ अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे असल्यास कोणतीही गोळी विचारूनच घ्यावी. मातेस काळी शौच, रक्ताची उलटी किंवा उजव्या बरगडीखाली तीव्र कळ असल्यास ते पित्त समजून घरी थांबू नये. बाळंतपणानंतर पित्ताशयातील खड्यांचा त्रासही असाच सुरू होतो. तपासणीस येताना घेतलेल्या गोळ्यांची पट्टी, रिकामी असली तरी, सोबत आणावी. नाव वाचता येईल असा तिचा तुकडाही डॉक्टरांस पुरतो.