एक यंत्र, दोन शहरे

आफ्रिका बंबाटा आणि सोलसॉनिक फोर्स यांचे ‘प्लॅनेट रॉक’ हे गीत न्यूयॉर्कच्या टॉमी बॉय या लहानशा कंपनीने १९८२ साली बाजारात आणले आणि फंक संगीताची लय विद्युत वाद्यांवर बांधणारा ‘इलेक्ट्रोफंक’ हा प्रकार त्यामुळे सर्वदूर पोहोचला. निर्माता आर्थर बेकर आणि वादक जॉन रोबी यांनी ‘क्राफ्टवेर्क’ या जर्मन चमूची धून व ठेका उसना घेतला खरा, परंतु तो नव्याने वाजवून घेतला, आणि त्यासाठी वापरलेले रोलँड कंपनीचे टीआर-८०८ हे ड्रम मशीनच गीताचा खरा नायक ठरले.

या यंत्रात ढोलाचे ध्वनिमुद्रण नसते. रोधक आणि धारित्रे यांच्या मंडलाला विजेचा क्षणिक झटका दिला की, एकदाच ढकललेला झोपाळा जसा हळूहळू थांबतो, तसे विद्युतदाबाचे आंदोलन काही काळ चालून विरते. ही आंदोलने सेकंदाला साधारण ५० असल्याने हवेतील ध्वनीची तरंगलांबी सुमारे सात मीटर भरते, आणि इतके लांब तरंग भिंतींना फारसे जुमानत नाहीत. नागपूर-जबलपूर मार्गावरील कन्हानमध्ये डीजे लावून वरात निघाली की बंद घरात शब्द कळण्याआधी दणका पोहोचतो आणि फडताळातली भांडी थरथरतात, त्याचे कारण हेच.

खऱ्या ढोलासारखे वाजत नाही म्हणून नावे ठेवली गेलेल्या या यंत्राचे उत्पादन जेमतेम १२ हजार नगांनंतर १९८३ मध्ये थांबले. मग जुनी यंत्रे स्वस्तात मिळू लागली आणि हौशी तरुणांचे फावले.

‘प्लॅनेट रॉक’ निघाले त्याच १९८२ साली मुंबईत, हिंदी चित्रपटसंगीतात गिटार वाजवणारे चरणजित सिंग यांनी हेच यंत्र आणि रोलँडचेच टीबी-३०३ हे बेसवाद्य घेऊन ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय असल्याने भैरव किंवा मालकंसातील मीड त्यावर बऱ्यापैकी काढता येते. एचएमव्हीने काढलेल्या या तबकडीला तेव्हा कोणी फारसे विचारले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाल्यावर मात्र १९८७ च्या सुमारास शिकागोत गाजलेल्या ‘अ‍ॅसिड हाउस’ या नृत्यसंगीताचे जनकत्व काहींनी सिंग यांना बहाल केले. हा दावा उत्साहाचाच म्हणावा लागेल, कारण शिकागोच्या वादकांनी ती ऐकल्याचा पुरावा नाही. त्यांच्या हाती तेच टीबी-३०३ होते, एवढाच धागा दिसतो.